फेनतरण पद्धतीत चुना कशाला? दहावीच्या वर्गातल्या एका प्रश्नावरून

खडू_फळा
गोंदिया जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. धातुविज्ञानाच्या धड्यात फेनतरण पद्धत येते. बारीक दळलेलं धातुक, पाणी, थोडं पाइन तेल आणि हवा. सल्फाइडचे कण तेलाने भिजतात, फेसाला चिकटून वर येतात. माती-वाळू पाण्याने भिजते आणि तळाला बसते. आकृती काढायची, नावं द्यायची, पुढच्या मुद्द्याकडे जायचं. इतकी वर्षं असंच शिकवत आले.

गेल्या आठवड्यात एका मुलीने हात वर केला. तिचे मामा बालाघाटकडे, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीजवळ राहतात. म्हणाली, "मॅडम, मामा म्हणतात तांबं काढायला चुना लागतो, खूप लागतो. पुस्तकात तर चुना नाहीच." शोधून सांगते म्हटलं. तेवढ्यात दुसरा प्रश्न आला: "तांब्याचं खनिज सल्फाइड. त्याच दगडातलं लोखंडाचं खनिज, पायराइट, तेही सल्फाइड. मग तेलाने दोन्ही भिजणार आणि दोन्ही वर येणार. वेगळं काय झालं?"

पहिल्याचं उत्तर अर्धवट सुचतं. चुना आम्लारी, म्हणजे पाण्याचा सामू (pH, पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) वाढवायला घालत असणार. पण सामू वाढला की एक सल्फाइड वर आणि दुसरं खाली, हे का व्हावं? दुसऱ्या प्रश्नापाशी मी दोन दिवस अडकले आहे. इथे कोणी या कामातलं असेल तर मुलांना कळेल असं सांगाल का?

निवळी
मॅडम, त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तिने जो दुसरा प्रश्न विचारला, त्याच्याच मागे माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. तांबं आणि शिसं-जस्त, दोन्ही प्रकारच्या प्लांटमध्ये होतो, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हे घाईत सांगितलं की चुकीचं सांगितलं जातं.

आधी तेलाचं. पाइन तेल किंवा त्याच्या जागी आलेली आजची रसायनं मुख्यतः फेस धरून ठेवतात. कण बुडबुड्याला चिकटवायचं काम दुसऱ्याच रसायनाचं, त्याला आम्ही कलेक्टर म्हणतो. सल्फाइडसाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं ते झॅन्थेट. १९२५ साली कॉर्नेलियस केलर याने त्याचं पेटंट घेतलं आणि या धंद्याचं रूपच पालटलं. झॅन्थेटच्या रेणूला एका टोकाला गंधक असतं, ते खनिजातल्या धातूला धरतं. दुसरं टोक हायड्रोकार्बनची शेपटी, तिला पाणी नकोसं. लाखो रेणू असे कणावर उभे राहिले की कणाचा पृष्ठभाग पाण्याला झिडकारतो, आणि बाजूने जाणारा हवेचा बुडबुडा त्याला उचलून नेतो. हे सगळं एक टन दगडामागे काही डझन ग्रॅम झॅन्थेटमध्ये होतं.

आता सामू. पाणी अल्कधर्मी होतं म्हणजे त्यात हायड्रॉक्सिल आयन वाढतात. या आयनांनाही खनिजाच्या पृष्ठभागावरचा धातू हवा असतो. म्हणजे जागा एकच आणि दावेदार दोन: झॅन्थेट आणि हायड्रॉक्सिल. झॅन्थेट बसलं तर कण तरतो. हायड्रॉक्सिल बसलं तर पृष्ठभाग पाण्याशी जुळवून घेतो आणि कण बुडतो. हा झगडा प्रत्येक खनिजावर वेगळ्या सामूला निकालात निघतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दोन्ही सल्फाइड खरी, पण झॅन्थेटशी दोघांचं नातं सारखं घट्ट नाही.

मेलबर्नला वॉर्क आणि कॉक्स यांनी १९३० च्या दशकात हे फार सुंदर रीतीने मोजलं. खनिजाचा घासून चकचकीत केलेला तुकडा झॅन्थेटच्या पाण्यात ठेवायचा, वरून हवेचा बुडबुडा टेकवायचा आणि चिकटतो का ते पाहायचं. मग सामू थोडा थोडा वाढवत जायचं. एका विशिष्ट सामूनंतर बुडबुडा चिकटेनासा होतो. लिटरला २५ मिलिग्रॅम पोटॅशियम इथिल झॅन्थेट असताना पायराइटची ही सीमा १०.५ ला आली. चॅल्कोपायराइटची, म्हणजे तांब्याच्या मुख्य खनिजाची, ११.८ ला.

या दोन आकड्यांच्या मधली जेमतेम सव्वा अंकाची फट, तीच आमची कामाची जागा. सामू ११ च्या आसपास धरला की पायराइटची सीमा ओलांडलेली असते, चॅल्कोपायराइटची अजून यायची असते. चुना त्या फटीत पोचवतो. मामांना दिसतो तो हाच चुना.

बांधावर
निवळीकाका, आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत ऊस केवडा पडतो, पानं पिवळी पांढरी होतात. माती परीक्षणवाले सांगतात की जमिनीत लोह आहे, पण सामू जास्त असल्यामुळे पिकाला मिळत नाही. तुम्ही सांगता ते त्याच घरातलं वाटतंय. बरोबर आहे का?

निवळी
अगदी त्याच घरातलं. सामू चढला की लोहाचं हायड्रॉक्साइड होऊन बसतं. जमिनीत ते मुळांना विरघळून मिळत नाही. आमच्या टाकीत पायराइटच्या कणावर त्याच लोहाच्या हायड्रॉक्साइडचा पातळ थर चढतो आणि झॅन्थेटला धरायला जागा उरत नाही. शिवाय पायराइटवर झॅन्थेटचे दोन रेणू जोडून डायझॅन्थोजेन तयार होतं आणि त्यामुळे पायराइट तरतं, तेही जास्त सामूला टिकत नाही. म्हणजे पायराइटला दोन्हीकडून फटका. तुमचं उदाहरण मॅडमनी वर्गात जरूर घ्यावं. ऊस पाहिलेली मुलं असतील, झॅन्थेट पाहिलेलं कोणी नसेल.

रातराणी
वाचतेय. एक शंका. सामूच वाढवायचा तर चुनाच का? कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडाही चालेल की.

निवळी
रातराणी, बाहेरच्या लोकांना वाटतं सामूचा आकडा गाठला की झालं. तो आकडा कशाने गाठला यावर निम्मा निकाल असतो, म्हणून या शंकेवर थोडं थांबतो.

चुन्यातून हायड्रॉक्सिलबरोबर कॅल्शियम येतं, आणि कॅल्शियमही पायराइटच्या पृष्ठभागावर बसतं. त्यामुळे त्याच सामूला सोड्यापेक्षा चुना पायराइटला जास्त जोराने दाबतो. वर चुना स्वस्त. चुनकळी आणायची, विरवायची, निवळीसारखी पातळ करून दगड दळायच्या बॉल मिलमध्येच सोडायची. तांब्याच्या प्लांटमध्ये म्हणूनच चुन्याचं राज्य.

आता शिशाकडे या. गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, त्याची सीमा त्याच प्रयोगात १०.४ ला आली. पायराइटची १०.५. म्हणजे नुसत्या सामूने ही जोडी फुटतच नाही! त्यात भर म्हणजे चुन्याचं कॅल्शियम गॅलेनालाही काही प्रमाणात दाबतं. म्हणून शिशाच्या टाक्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी सोडा अ‍ॅश, म्हणजे धुण्याचा सोडा, वापरतात, सामू ९ च्या आगेमागे ठेवतात आणि पायराइटला दाबायला किंचित सायनाइड घालतात. तोच सामू चुन्याने ठेवून पाहिला तर शिशाची वसुली घसरलेली मी स्वतः पाहिली आहे.

राजस्थानात जावर, राजपुरा दरीबा, रामपुरा आगुचा इथे शिसं आणि जस्त एकाच दगडात येतात. अशा दगडाला सहसा दोन टप्पे लागतात. पहिल्या टप्प्यात शिसं तरवायचं आणि जस्ताचं सल्फाइड, स्फॅलेराइट, खाली ठेवायचं. स्फॅलेराइट मुळात इथिल झॅन्थेटला फारसं धरत नाही, पण दगडातूनच सुटलेलं तांबं त्याच्यावर बसलं की ते नको तेव्हा वर येतं. म्हणून झिंक सल्फेट घालतात. अल्कधर्मी पाण्यात त्याचं झिंक हायड्रॉक्साइड होऊन स्फॅलेराइटला वेढून टाकतं. दुसऱ्या टप्प्यात सगळं उलट. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालायचं. मोरचुदातलं तांबं कणावरच्या जस्ताला हटवून त्याची जागा घेतं, आणि झॅन्थेटला तो कण जस्ताऐवजी तांब्याचा वाटू लागतो. अशा तांबं चढलेल्या स्फॅलेराइटची सीमा १३.३ आहे. म्हणजे आता चुना हवा तेवढा चढवा, पायराइट दबेल, जस्त तरत राहील.

तोच दगड, तेच पाणी. पहिल्या टाकीत सोडा आणि ९, पुढच्या टाकीत चुना आणि ११. पंचवीस पावलं चालायचं अंतर असतं मध्ये.

कांगारूंच्या_गावात
पर्थहून लिहितो. छान धागा. या पद्धतीचा जन्म मात्र आम्लात झाला, हे मुलांना आवडेल म्हणून सांगतो.

अमेरिकेत कॅरी एव्हर्सन या बाईंना १८८६ साली तेल आणि आम्ल वापरून धातुक वेगळं करण्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या हयातीत त्याचं चीज झालं नाही. पुढे ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलच्या खाणींवर शिसं-चांदी काढून उरलेल्या जस्ताच्या गाळाचे डोंगर साचले होते. मेलबर्नचा चार्ल्स पॉटर, व्यवसायाने बिअर बनवणारा, आणि खाण कंपनीचा गियोम डेलप्राट या दोघांनी १९०२ च्या सुमारास वेगवेगळं एकच सुचवलं: गाळ गरम आम्लधर्मी पाण्यात टाका. त्या गाळात कार्बोनेट खनिजं होती. आम्लाने त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटला आणि त्याचे बुडबुडे सल्फाइडचे कण घेऊन वर आले. हवा सोडायची गरजच नव्हती. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यासारखं.

तेव्हा फक्त 'सल्फाइड विरुद्ध दगड' एवढंच वेगळं करायचं होतं, त्याला आम्ल पुरलं. 'एक सल्फाइड विरुद्ध दुसरं' ही गरज आल्यावर गाडी अल्काकडे वळली. १९२२ साली शेरिडन आणि ग्रिसवोल्ड यांनी सायनाइडने जस्त आणि लोह दाबायची रीत आणली. सायनाइड आम्लात वापरणं म्हणजे मृत्यूला बोलावणं, त्यामुळे मग परतीचा रस्ता राहिला नाही.

दुसरं, इकडच्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींचं. इथे सोनं पायराइटच्या आत अडकलेलं असतं. म्हणजे निवळीकाका ज्याला दाबतात त्यालाच आम्हाला वर आणायचं असतं, तेव्हा चुन्याला हात लावायचा नाही. आणि इथलं भूजल समुद्राहून खारट. त्यात इतकं मॅग्नेशियम असतं की सामू साडेनवाच्या आसपास नेताच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड साका होऊन बाहेर पडू लागतं आणि घातलेला चुना गिळून टाकतं. पाहिजे तेवढा चुना ओता, आकडा जागचा हलत नाही.

खडू_फळा
सगळ्यांचे मनापासून आभार. 'जागा एक, दावेदार दोन' हे उद्या वर्गात सांगणार. आता दोन गोष्टी विचारते. आज आम्ल कुठेच वापरत नाहीत का? आणि हे वर्गात करून दाखवता येईल का?

कसोटी
नागपूरला खनिजांच्या प्रयोगशाळेत काम करते. पहिल्या प्रश्नाचं मी सांगते.

झॅन्थेट आम्लात टिकत नाही. त्याचं विघटन होऊन कार्बन डायसल्फाइड आणि अल्कोहोल होतं, म्हणून सल्फाइडचं बहुतेक काम अल्कधर्मी पाण्यात चालतं. पण सगळी खनिजं सल्फाइड नसतात. ऑक्साइड आणि सिलिकेट खनिजांच्या बाबतीत सामूचं काम वेगळ्या वाटेने होतं. तिथे प्रश्न विद्युतभाराचा.

अशा खनिजाचा कण पाण्यात टाकला की कमी सामूला त्याच्या पृष्ठभागावर धन भार येतो, जास्त सामूला ऋण भार. मध्ये एका सामूला भार शून्य होतो. क्वार्ट्झचा, म्हणजे वाळूच्या खनिजाचा, हा बिंदू २ च्या जवळ आहे, गोथाइट या लोहखनिजाचा ६.७ ला. आता ऋण भाराचा कलेक्टर घेतला तर गोथाइट ६.७ च्या खाली तरतं, धन भाराचा अमाइन घेतला तर ६.७ च्या वर. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हे मुलांना आठवीपासून माहीत असतं. मला वाटतं वर्गात सल्फाइडपेक्षा हेच आधी सांगावं, लवकर पटेल.

याच नियमावर लोहखनिजातली वाळू काढतात. सामू १० च्या वर, अमाइन घालून, आणि हेमॅटाइट, म्हणजे लोहाचं खनिज, खाली राहावं म्हणून स्टार्च. तिथे किमती माल तळाला राहतो आणि वाळू फेसातून बाहेर जाते. पुस्तकातल्या आकृतीच्या बरोबर उलट.

आणि आम्लाचं खरं उदाहरण फेल्डस्पार. काचेला आणि सिरॅमिकला लागणारा फेल्डस्पार क्वार्ट्झपासून वेगळा करणं कठीण, दोघेही सिलिकेट. सामू २ ते ३, हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि अमाइन. फेल्डस्पार वर, क्वार्ट्झ खाली. फार घातक आम्ल आहे, त्याला पर्याय शोधण्यावर जगभर काम चालू आहे.

निवळी
कसोटीताई, उत्तम लिहिलंत. वर्गातल्या प्रयोगाचं मी सांगतो, पण आधी काय करू नये ते.

सल्फाइडचा दगड आणि आम्ल एकत्र आणू नका. हायड्रोजन सल्फाइड सुटतो. झॅन्थेट शाळेत आणू नका. आणि प्लांटमधल्या लोकांसाठी: सायनाइडच्या पाण्याचा सामू ९.२ ला आला की त्यातलं निम्मं हायड्रोजन सायनाइड झालेलं असतं, आणि ते हवेत जायला टपलेलं असतं. सामूची नळी म्हणजे तिथे जिवाची नळी आहे.

मुलांसाठी हे करा. कुलपात घालायला हार्डवेअरच्या दुकानात ग्रॅफाइटची पूड मिळते. ती चिमूटभर, धुतलेली बारीक वाळू चमचाभर, काचेच्या बरणीत पाणी, निलगिरी तेलाचे दोन थेंब. झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवा. काळी पूड फेसाबरोबर वर, वाळू खाली. मग त्यातच चुन्याची निवळी घालून पुन्हा हलवा. ग्रॅफाइट तरीही वर येईल. का, ते मुलांना विचारा. ग्रॅफाइट मुळातच पाण्याला नको म्हणणारं, त्याला कलेक्टर लागत नाही. भांडणच नाही तर हायड्रॉक्सिल कोणाची जागा अडवणार? आगुच्यासारख्या ठिकाणी दगडातलं ग्रॅफाइट शिशाबरोबर वर येऊन त्रास देतं तेही यामुळेच.

सामू मोजायला हळदीचा कागद करा. ८ च्या पुढे तो लाल होतो. फक्त मुलांना सांगा की हळद ९ आणि ११ मधला फरक दाखवणार नाही, आणि आमचं सगळं काम त्या फरकात आहे. सामूची एकेक पायरी दहापट असते. १० वरून ११ म्हणजे हायड्रॉक्सिल दहापट. बार्स्कीचा नियम ढोबळमानाने असा की कण तरता ठेवायचा तर झॅन्थेटही त्याच पटीत वाढवावं लागतं. म्हणजे वर दिलेल्या सीमा दगडावरची रेघ नव्हेत, झॅन्थेटची मात्रा बदलली की त्या सरकतात.

या मोजण्यावरून एक आठवण. एका प्लांटमध्ये रात्रपाळीला होतो. सामूचं मीटर १०.८ दाखवत होतं, चुन्याचा पंप आपोआप चालू-बंद होत होता, सगळं ठीक दिसत होतं. पहाटे तीनच्या सुमारास फेसाचा रंग उतरला. तांब्याच्या फेसाला पितळी झाक असते, ती जाऊन फिकट राखाडी दिसू लागला. हातातल्या कागदावर सामू पाहिला तर १२ च्या वर. मीटरच्या काचेच्या टोकावर चुन्याचं पुट चढलं होतं. मीटर कमी दाखवत होतं, आणि पंप इमानाने चुना ओतत होता. चॅल्कोपायराइटची ११.८ ची सीमा आम्ही केव्हाच ओलांडली होती. तांबं चार तास गाळात जात होतं. त्या रात्रीनंतर मी जिथे जिथे गेलो तिथे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मीटरचं टोक पातळ आम्लात धुवायचं आणि कागदाने ताडून पाहायचं, हा नियम केला. आजच्या तरुण इंजिनिअरांनाही हेच सांगेन. पडद्यावरच्या आकड्याआधी फेसाकडे बघा.

कांगारूंच्या_गावात
मीटरचा विषय निघालाच आहे तर: काचेच्या इलेक्ट्रोडचं सुटसुटीत यंत्र आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला बनवलं होतं. आणि सामूची कल्पना सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या बिअरवाल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. पॉटर धरला तर बिअरशी या पद्धतीचा दोनदा संबंध आला.

कागद_कारखाना
थोडं बाजूचं. रद्दी कागदातली शाई काढायलाही आम्ही हेच तंत्र वापरतो. लगदा अल्कधर्मी ठेवला की तंतू फुगतात, शाई सुटते, साबण आणि हवेने ती फेसात वर येते. पण अल्कामुळे लगदा पिवळा पडतो म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड घालावं लागतं. सामूने एक गोष्ट मिळते आणि दुसरी जाते, हे आमच्याकडेही आहे.

खडू_फळा
आज वर्गात सांगितलं. ग्रॅफाइटचा प्रयोग झाला. चुना घातल्यावरही ते वर आलं तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा पुढे येऊन उभी राहिली. केवड्याचं उदाहरण दिल्यावर एक मुलगा म्हणाला, आमच्या धानाच्या बांधीत पण असं होतं का? त्याला माती परीक्षणाचा कागद आणायला सांगितलाय.

आणि त्या मुलीचा तिसरा प्रश्न आला आहे, तो जसाच्या तसा देते: "चुना घालून पायराइट खाली बसवलं. मग ते जातं कुठे?"

निवळी
मॅडम, ते टेलिंगमध्ये जातं. प्लांटचं उरलेलं सगळं, वाळू, पायराइट आणि चुन्याचं पाणी, नळीतून गाळाच्या धरणात जातं. तिथे सुरुवातीला सामू चढाच असतो, कारण चुना सोबत गेलेला असतो. पण चुना धुऊन जातो आणि पायराइट राहतं. त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की ते सावकाश ऑक्सिडाइझ होऊन सल्फ्युरिक आम्ल बनवतं, जिवाणू त्याला वेग देतात. दगडात कॅल्साइटसारखं आम्ल मारणारं काही असेल तर ते काही काळ सांभाळून घेतं. नसेल तर धरणाच्या पायथ्याला गंजाच्या रंगाचं आंबट पाणी झिरपू लागतं, आणि त्यात धातू विरघळलेले असतात. खाण बंद झाल्यावरही ते चालू राहतं.

यावर उपाय आहे, आणि तो त्याच टाक्यांमध्ये आहे. तांबं काढून झाल्यावर गाळाचा सामू आम्ल घालून खाली आणायचा. पायराइटवरचा हायड्रॉक्साइडचा थर विरघळतो, ते पुन्हा झॅन्थेटला धरतं आणि फेसात वर येतं. मग हा थोडासा पायराइटचा माल वेगळा, कायम पाण्याखाली ठेवायचा म्हणजे हवा लागत नाही, आणि उरलेला मोठा गाळ निर्धोक. काही ठिकाणी असं करतात. खर्च येतो, म्हणून सगळीकडे करत नाहीत. माझ्या नोकरीत मी दोनदा हा प्रस्ताव लिहून दिला होता, दोन्ही वेळा तो मागे पडला. आज लिहायचा असता तर त्यात पहिल्या पानावर या मुलीचा प्रश्न घातला असता.